तिसऱ्या पानावरचं चित्र

२ सप्टेंबर

ताई,

अभिनंदन. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फोटो येणं म्हणजे चेष्टा नाही. कोटाची इस्त्री अगदी कडक आहे. तो कोट घालून तू प्रयोगशाळेतल्या पेशींच्या बाटलीला शेवटचा हात कधी लावलास हे मला कुणी विचारू नये म्हणजे झालं, कारण मी खरं सांगून टाकीन.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून हा कागद. मुद्दाम रजिस्टरने पाठवते आहे. पोचपावती माझ्या हातात आली की तुला 'मिळालंच नाही' म्हणायची सोय राहणार नाही.

बाबांनी तो फोटो पट्टी लावून कापला आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर चिकटवला. मला येताजाता तुझं तोंड बघावं लागतं. तुझा शोधनिबंधही त्यांनी कुणाकडून तरी छापून आणलाय. चाळीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, सवय जाते थोडीच? भाषा धड कळत नाही, विषय तर नाहीच नाही, तरी लाल पेन घेऊन बसले आणि दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकलाय म्हणून मला दाखवायला आले. "बाकी एकदम शुद्ध आहे हो," म्हणाले. मला हसू आलं. त्यांना वाटलं, कौतुकाने हसले.

मीही वाचला. आधी नावं वाचली. सहा नावं आहेत. शेवटी आभार आहेत, त्यात फ्रीज दुरुस्त करणाऱ्या कंपनीचेही आहेत. माझं नाव नावांत नाही आणि आभारांतही नाही. ती गोळी पेशींवर पहिल्यांदा टाकून कुणी पाहिली गं? जुन्या आजाराची जुनी गोळी, कपाटात पडून होती. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना तिने अडतो का, हे मी एका दुपारी माझ्या मनाने करून बघितलं आणि आकडे तुझ्या टेबलावर ठेवले. तू आकडे पाहिलेस, मग माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तू पेशी वाढव. अर्थ मी लावते."

त्याच तर अकरा वर्षं वाढवत आले होते. तू परदेशात शिकत होतीस तेव्हा आईचं अंथरूण मी काढत होते, म्हणून माझं शिक्षण पदवीवर थांबलं. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. पण सव्वा वर्षापूर्वी तू सगळ्या माणसांसमोर मला "हिचे हात खराब आहेत" म्हणून काढून टाकलंस, त्याबद्दल मात्र बोलणार आहे. हल्ली मी गुरांच्या लशींसाठी पेशी वाढवते. तिथे माझे हात चांगले आहेत म्हणतात.

ऐकलं की सहाशे स्वयंसेवकांवर चाचणी सुरू झाली आहे. रोज एक गोळी, आजार होऊ नये म्हणून. आणि तीस तारखेला मोठ्या सभागृहात तुझा सत्कार. मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसेन. तुझ्या त्या निबंधाबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे आणि तुला माहीत नाही, हे सुख मी थोडे दिवस एकटीने उपभोगणार आहे.

तुझी धाकटी


९ सप्टेंबर

ताई,

पोचपावती अजून आली नाही. टपालखात्याला घाई नसते आणि मलाही नाही असं मी गेल्या आठवड्यात म्हटलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे. घे, सांगूनच टाकते.

निबंधाचं तिसरं पान उघड. वरचं चित्र. खाली छापलंय, 'मानवी फुफ्फुसाच्या पेशी'. आता चष्मा लाव आणि नीट बघ.

फुफ्फुसाच्या पेशी अशा दिसतात का? त्या रुसक्या असतात. घोळका करून इथे एक बेट, तिथे एक बेट अशा बसतात. बाटली भरायला आठवडा घेतात, कधी दोन. अकरा वर्षं त्यांची मनधरणी केली आहे मी, त्यांना गर्दीतही ओळखेन. तुझ्या चित्रातल्या बघ कशा फरशी बसवल्यासारख्या काठापासून काठापर्यंत पसरल्या आहेत. या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी आहेत, ताई. तू मायक्रोस्कोपला डोळा लावून पाच वर्षं झाली, म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. सहाजणांच्या बारा डोळ्यांच्याही आलं नाही.

त्याने काय बिघडतं, ते तुला ठाऊक आहे, पण मी सांगणार. तू मला अकरा वर्षं समजावून सांगायचीस, आता माझी पाळी.

विषाणूच्या अंगावर काटे असतात. काट्याचं टोक पेशीच्या बाहेर असलेल्या एका प्रथिनाला धरतं. पण धरलं म्हणजे आत गेला असं नाही. तो काटा ठरावीक जागी कापला जावा लागतो, तेव्हाच विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि आतला माल आत पडतो. माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशीत कापणारी कात्री दारातच असते. धरलं, कापलं, आत. माकडाच्या त्या पेशींना दारात कात्री नाही. तिथे पेशी विषाणूला एका पिशवीत गुंडाळून गिळते, पिशवी आत जाऊन आंबट होते, आणि त्या आंबटपणात दुसरी कात्री चालते. आपली गोळी काय करते? आंबटपणा मारते. म्हणून माकडाच्या पेशीत विषाणू पिशवीतच अडकून मरतो आणि तू टाळ्या घेतेस. फुफ्फुसात तो पुढच्या दाराने कधीच गेलेला असतो. गोळी मागच्या दाराला कुलूप लावून बसते.

तुझ्या सहाशे लोकांपैकी अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना साखरेची देता ना? दोन्हींचा उपयोग सारखाच. साखरेची निदान गोड तरी लागते.

अडवायचंच असेल तर दारातली कात्री बोथट करणारं औषध शोधायला हवं, नाहीतर काट्याच्या टोकाला आधीच जाऊन बिलगणारं प्रतिपिंड, म्हणजे त्याला धरायला जागाच उरणार नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, ताई, दोन्ही दारं बघू या. तू फोनवर होतीस. हाताने मला 'नंतर' असं केलंस.

आता माझी अट ऐक. तीस तारखेच्या आत घरी ये. बाबांसमोर म्हण की हिचे हात खराब नव्हते, मी खोटं बोलले. एवढंच. मग चाचणी कशी थांबवायची, अब्रू कशी वाचवायची, ते आपण बघू. नाही आलीस तर मी सत्काराला उभी राहून तिसरं पान सगळ्यांना उलगडून दाखवीन.

तुझी धाकटी


१७ सप्टेंबर

ताई,

आली नाहीस. रविवारी बाबांना फोन केलास, चाळीस मिनिटं बोललीस, माझं नाव काढलं नाहीस. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत सगळं ऐकत होते. "हो हो, छान चाललंय," असं तुझं पलीकडून ऐकू येत होतं. माझं पत्र वाचून कुणी इतकं निवांत बोलू शकतं, यावर माझा विश्वास बसेना. म्हणजे तू माझ्या बोलण्याला कवडीचीही किंमत देत नाहीस. म्हणत असशील, जळते झालं.

जळतेच. पण म्हणून खोटं बोलत नाही. तुला पटत नसेल तर ही पुढची गोष्ट ऐक, मग पटेल. तुझ्या फुफ्फुसाच्या बाटलीत माकडाच्या पेशी कशा गेल्या, हे तू स्वतःला विचारत असशील. मी टाकल्या.

तो शेवटचा दिवस तुला आठवत नसणार, तुझ्यासाठी तो साधा मंगळवार होता. आपण खरा विषाणू वापरत नव्हतो. काटे खरे, आतून पोकळ, आणि आत शिरला की पेशी उजळावी अशी सोय केलेली. यंत्र उजेड मोजायचं. माकडाच्या पेशी गोळीने काळोख्या झाल्या होत्या, तुला तसंच फुफ्फुसाच्या पेशींत हवं होतं. मी तीनदा केलं. तीनही वेळा फुफ्फुसाच्या पेशी लखलखीत उजळल्या, गोळी असून नसल्यासारखी. ते खरं उत्तर होतं, ताई. ते उत्तर मी तुला दिलं होतं.

तू कागद टेबलावर आपटलास. सगळे माना खाली घालून उभे. बाटल्या धुणारे काका बेसिनचा नळ उगाच सोडून उभे होते. "तीन महिने झाले. हिला एक साधं उत्तर काढता येत नाही. पेशी मारून ठेवल्यात हिने. हात खराब आहेत हिचे." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, घरात बोलतेस तशी: "उद्यापासून येऊ नकोस गं. जाताना बाटल्यांचं मीडियम तेवढं बदलून जा."

हे शेवटचं वाक्य तू बोलली नसतीस तर मी गुपचूप निघून गेले असते. काढून टाकलेल्या माणसाला जाताजाता काम सांगायचं, हे फक्त तुलाच सुचतं.

बदललं मीडियम, पेशी ज्यावर जगतात ते पाणी. हवा गाळणाऱ्या त्या कपाटात एका वेळी एकाच जातीच्या पेशी काढायच्या, प्रत्येकीची मीडियमची बाटली वेगळी, आधी फुफ्फुसाच्या, मग स्पिरिटने पुसून पंधरा मिनिटं थांबायचं, मग माकडाच्या, कारण त्या हावरट असतात. हा नियम मीच मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला होता. त्या दिवशी मी दोन्ही बाटल्या एकदम बाहेर काढल्या. शेजारी शेजारी ठेवल्या. पिपेट तीच. माकडाच्या बाटलीतला एक थेंब फुफ्फुसाच्या बाटलीत सोडला. हात मुळीच थरथरला नाही. झाकण लावलं, बाटली उबेच्या कपाटात जागेवर ठेवली, कोट काढून खुंटीला लावला आणि घरी आले.

तुला होकार हवा होता ना? दिला.

माकडाच्या पेशी दिवसात दुप्पट होतात. दोन महिन्यांत फुफ्फुसाची एकही पेशी उरली नसेल. काका मध्ये बाजारात भेटले, तेव्हा सांगत होते की माझ्या जागेवर आलेली बाई फार खूश आहे, पेशी आता भराभर वाढतात म्हणते. मी त्यांना म्हटलं, नशीबवान आहे.

आणि आता तुझा भाग. बाटलीत पेशी कुणाच्या आहेत हे बघायची चाचणी अर्ध्या दिवसाची असते. नकार आला तेव्हा तू माझ्याकडून तीनदा करून घेतलंस. होकार आला तेव्हा एकदाही तपासलं नाहीस. थेंब माझा, पण दार तू उघडं ठेवलंस. मला वाटलं होतं, महिन्याभरात तुमच्या लक्षात येईल, चार दिवस धावपळ होईल, तू माझी आठवण काढून शिव्या देशील. एवढ्यावर माझं समाधान होतं. तू थेट सहाशे माणसांपर्यंत पोचशील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तेरा दिवस उरलेत. अट तीच आहे.

धाकटी


२४ सप्टेंबर

ताई,

हे काय केलंस तू?

आज बाबांच्या कपाटात इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले. मफलरमागे पांढरी प्लास्टिकची डबी. वर नाव नाही, नुसता क्रमांक, दोनशे अठरा, आणि 'रोज सकाळी एक'. मी डबी घेऊन बाहेर आले. बाबा शब्दकोडं सोडवत होते.

"हे काय आहे?"

"सापडलं वाटतं," म्हणाले. आंबट तोंड केलं, लहान मुलासारखं. "तुला सांगणार होतो. साठीच्या वरचे लोक हवे होते त्यांना. मी रांगेत पहिला. ताईलाही सांगितलेलं नाही हं, नाहीतर म्हणेल वशिला लावला. तीस तारखेला सगळ्यांसमोर सांगणार, की दोनशे अठरा नंबर म्हणजे मी."

एकोणीस दिवस झाले त्यांना घेऊन. ताई, तुझ्याकडच्या यादीत नुसते क्रमांक असतात, तुला माहीत नव्हतं हे मी मान्य करते. पण पुढचं ऐक. चाचणीवाल्यांनी बजावलं होतं की मास्क सोडू नका, गर्दीत जाऊ नका. बाबांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. समोरच्या इमारतीतले शिंपीकाका गेले चार दिवस तापाने पडून आहेत, त्यांच्या घरी कुणी फिरकत नाही. बाबा रोज दुपारी जातात. उशाशी बसतात, त्यांना पेपर वाचून दाखवतात. मास्क खिशात.

"अहो बाबा, तुम्हाला काही कळतं का?"

"मला ताईची गोळी आहे. मी नाही जायचं तर कुणी जायचं त्याच्याकडे?"

मग मी सांगितलं. सगळं नाही, गोळी निकामी आहे, पेशी माकडाच्या होत्या, तिसऱ्या पानावरचं चित्र चुकलंय, एवढं. निबंध आणून पुढ्यात टाकला. बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"तुला ताईचं चांगलं झालेलं बघवत नाही," म्हणाले. "आधी नव्हतीस तू अशी."

"बाबा, मी शपथेवर सांगते."

"सव्वा वर्ष ऐकतोय. ताई अशी, ताई तशी. तिने तोंड उघडलं तरी तुझ्या डोळ्यात खुपतं. आता तिची गोळीसुद्धा खोटी?" डबी माझ्या हातातून घेतली आणि खिशात टाकली. "मी तपासलाय तो लेख. दोन स्वल्पविराम सोडले तर त्यात चूक नाही."

थेंबाचं सांगायला तोंड उघडलं होतं मी. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. त्यांना तेही खोटंच वाटलं असतं, हे मी माझ्या मनाला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं.

ताई, माझी अट मागे घेतली. माझे हात खराब होते म्हण, बाबांसमोर म्हण, सगळ्या गावासमोर म्हण. फक्त एक फोन कर त्यांना. तुझं ऐकतील. तुझं एकटीचंच ऐकतील.


२८ सप्टेंबर

ताई,

आज पोस्टमनने चार पाकिटं एकदम आणून दिली. चारही माझीच. प्रत्येकावर तिरप्या अक्षरात 'घेण्यास नकार', आणि खाली तुझी छोटी सही. उघडलेलं एकही नाही.

म्हणजे मी चार आठवडे भिंतीशी भांडत होते. धमक्या दिल्या त्या मलाच. कबुली दिली ती मलाच. मी ओट्याशी उभी राहून हसले, आणि मग रडले, आणि मग मला तुझा इतका राग आला की चारही पाकिटं फाडायला घेतली. फाडली नाहीत.

बाबांना काल दुपारपासून ताप आहे. शिंपीकाकांना परवा दवाखान्यात नेलं. आज सकाळी बाबांनाही नेलं. बोटाला लावायच्या त्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता. नाकाला नळी लावताना परिचारिकेला सांगत होते, "घाबरू नका, माझ्या मुलीची गोळी चालू आहे मला." गोळी चालू आहे म्हणून डॉक्टरांनी देऊ केलेलं दुसरं औषध त्यांनी सही करून नाकारलं. दोन औषधं एकत्र घेतली तर ताईची चाचणी बिघडेल म्हणतात.

मी दुसऱ्याच्या फोनवरून तुला फोन केला. "हॅलो" म्हणालीस, माझा आवाज ऐकलास, ठेवलास. प्रयोगशाळेच्या फाटकावर गेले. पहारेकरी ओळखीचा, खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुम्हाला सोडायचं नाही असं सांगितलंय." चाचणीच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध, तुमचं त्यांच्याशी नातं काय. सख्खी बहीण म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "घरगुती वाद असेल तर आम्ही काय करणार? लेखी द्या, पुढच्या बैठकीत ठेवू." बैठक बारा तारखेला आहे.

हे पत्र पाकिटात घालून उपयोग नाही, हे लिहितानाच कळतं आहे. तरी लिहिते आहे, कारण हात थांबत नाही. पाकीट असेल तर तू परत पाठवशील. मग पाकीट नको.


२९ सप्टेंबर
उघडं कार्ड. तीन प्रती: प्रयोगशाळेत, चाचणीच्या समितीला, आणि सत्कार करणाऱ्यांना

ताई, हे कार्ड तुझ्या हातात येईपर्यंत पोस्टमनने, पहारेकऱ्याने आणि तुझ्या कारकुनाने वाचलेलं असेल. वाचू दे. तुझ्या फुफ्फुसाच्या पेशी माकडाच्या आहेत. त्या पेशींच्या गोठवून ठेवलेल्या कुप्या आजच तपास. फुफ्फुसाच्या बाटलीत माकडाच्या पेशींचा थेंब मी मुद्दाम टाकला, मला काढलंस त्या दिवशी. गोळीचा माणसाला उपयोग नाही. क्रमांक दोनशे अठरा म्हणजे बाबा. ते मोठ्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर आहेत, ऑक्सिजनवर, आणि तुझी चाचणी बिघडू नये म्हणून औषध घेत नाहीत. माझं ऐकत नाहीत. तू सांग.


१९ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र तू घेशील असं वाटतं. घेतलं नाहीस तरी हरकत नाही, मला लिहायचं आहे.

कार्ड दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पोचलं आणि दुपारी तीनला तू दवाखान्यात होतीस, हे मला नाकारता येणार नाही. काचेपलीकडून फोनवर बाबांना म्हणालीस, "बाबा, गोळी बंद करा. माझी चूक झाली. डॉक्टर देतात ते घ्या." मी तुझ्यामागे उभी होते. तू वळून बघितलं नाहीस. बाबा तुझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर." मी सहा दिवस विनवण्या केल्या होत्या. तुझ्या एका वाक्याने झालं.

त्यांनी औषध घेतलं. उशीर झाला होता. सहा तारखेला ते गेले, तेव्हा तू एका बाजूला होतीस आणि मी दुसऱ्या, आणि मध्ये काच.

चाचणी तू त्याच संध्याकाळी थांबवलीस. सत्कार तू स्वतः फोन करून रद्द केलास. कुप्या तपासल्यास, माकडाच्या निघाल्या, निबंध मागे घेतलास. मी ज्याची सव्वा वर्ष वाट बघत होते ते सगळं एका आठवड्यात झालं, आणि त्यातला एक घासही मला गोड लागला नाही.

कालची चौकशी समिती. लांब टेबल, पाच माणसं, आणि मधोमध माझं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. मी साडी नीट नेसून गेले होते. त्यांनी विचारलं, हे तुम्ही लिहिलंत? म्हटलं, हो. मुद्दाम केलंत? हो. कसं केलंत तेही सांगितलं: दोन बाटल्या, एक पिपेट, एक थेंब. आता पोलिसांना बोलावतील, असं मला वाटलं. खरं सांगू? मला तेच हवं होतं. कुणीतरी माझ्या मनगटाला धरून म्हणावं की हे हिने केलं.

मग त्यांनी तुला विचारलं.

तू चष्मा पुसत होतीस. म्हणालीस, "तिच्या बोलण्यावर जाऊ नका. वडील गेल्यापासून ती सगळं स्वतःवर ओढून घेते आहे. ती फक्त पेशी वाढवायची. विज्ञान तिला फारसं कळत नाही. असं ठरवून करायला जी अक्कल लागते ती तिच्यात नाही. सरमिसळ झाली असेल कुणाच्या तरी हातून, होते कधीकधी. मी तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही."

टेबलावरचे सगळे मान डोलवत होते. एकाने माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "बाई, तुम्ही जाऊ शकता. काळजी घ्या स्वतःची." माझं कार्ड त्यांनी फायलीच्या तळाशी सरकवलं.

जिन्यात तू गाठलंस मला. मी म्हटलं, "हे काय बोललीस तिथे?" तू म्हणालीस, "घरी जा. काही खाऊन घे." आणि पायऱ्या उतरून गेलीस. तुझा कोट चुरगळला होता.

मी काल दुपारपासून विचार करते आहे. तू मला वाचवलंस हे बाहेरच्या कुणालाही दिसेल. नोकरी गेली तुझी, नाव गेलं, आणि माझ्या केसालाही धक्का लागू दिला नाहीस. बाबा असते तर म्हणाले असते, बघ, ताई आहे म्हणून. पण तू ज्या शब्दांनी मला वाचवलंस ते शब्द तुझे नेहमीचेच होते. खोटं बोलत होतीस, की तुला मनापासून तसंच वाटतं, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मला वाटतं, तुलाही सांगता येणार नाही.

मी समितीला पुन्हा लिहिते आहे. तू पुन्हा मला मूर्ख ठरवशील, मग मी पुन्हा लिहीन. बाबा गेले त्यात अर्धं माझं आहे आणि ते मी तुला घेऊ देणार नाही. तुझं अर्धं तू सांभाळ.

दोन्ही बाटल्या मी डोळे उघडे ठेवून काढल्या होत्या. कुठल्या पेशी जिंकतील हे मला माहीत होतं, किती दिवसांत जिंकतील तेही माहीत होतं, आणि उत्तर तुझ्या मनासारखं आलं की तू तपासणार नाहीस हे तर मला सगळ्यांत आधी माहीत होतं. अर्थ मी लावला होता. मला अक्कल होती, ताई.

तुझी धाकटी